मीठलोभ

आमच्या घरात एक पदार्थ होतो, त्याचं नाव मीठलोभ. तुम्ही ऐकलं नसेल. कासुर्डीतसुद्धा आमच्या घराबाहेर कुणी ऐकलेलं नाही. मी निमोण्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं, ही इकडच्या धनगरांची खासियत असेल, आमच्या शिरूरकडे पोचली नसेल. माहेरी आम्ही रस्सा करतो, सुकं करतो, मुंडी करतो. पण खिम्याचा पावासारखा लांबट गोळा करायचा, त्याच्या पोटात उकडलेली अंडी पुरायची, तो अख्खा भाजायचा आणि सुरीनं काप करून खायचा, हे मी पहिल्यांदा सासरीच पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी माझ्या ताटात एक काप वाढला आणि म्हणाल्या, "खा. ह्यो आपला मीठलोभ. ह्याच्यावर तुझा नवरा जगलाय."

मी खाल्ला. चांगला होता. पण माझा स्वभाव असा की कुणी एखादी गोष्ट देवाच्या प्रसादासारखी हातात दिली की मी आधी ती उलटी करून बघते. मीठलोभ, मीठलोभ असं मनात घोळवत राहिले आणि दुसरा काप संपायच्या आत मला लख्ख कळलं की हा मीट लोफ आहे. शिरूरच्या कॉलेजात बारावीपर्यंत इंग्रजी शिकले होते, तेवढं कळण्यापुरतं पुरे होतं. मीट म्हणजे मटण आणि लोफ म्हणजे पावाचा लांबट गोळा. तोंडावर आलेलं हसू मी पाण्याबरोबर गिळलं, कारण सासूबाई समोर बसून मला ज्या कौतुकानं बघत होत्या, त्यात नव्या सुनेनं बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्याची गोष्ट मग मला घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळी सांगितली, त्यातली सगळ्यांची जुळणारी तेवढी सांगते. बाहत्तरच्या दुष्काळाचं आदलं वर्ष. तेव्हा आमच्या घरची शेती नावालाच होती, सगळा जीव मेंढरांवर. सासरे, म्हणजे म्हस्कूआबा, मेंढरं घेऊन दौंडवरून चालले होते. सासूबाई, गिताबाई, ओल्या बाळंतीण. माझा नवरा हनुमंत त्यांच्या पाठीवरच्या झोळीत. वाटेत अंगात ताप भरला. रेल्वेच्या कॉलनीशी आल्यावर त्या एका क्वार्टरच्या भिंतीला टेकून खाली बसल्या त्या उठेनातच. तेवढ्यात मेंढरांनी कुंपणातून तोंडं घालून त्या क्वार्टरचे गुलाब फस्त केले. आतून फ्रॉक घातलेली एक बाई हातात झाडू घेऊन तणतणत बाहेर आली. मेंढरांना झोडपत झोडपत ती भिंतीपाशी पोचली आणि झाडू तिथंच टाकून दिला.

ती फ्लोरा रॉड्रिक्स. तिचा नवरा मालगाडीवर गार्ड होता. मूलबाळ नव्हतं. तिनं सासूबाईंना काखेत हात घालून आत नेलं, रेल्वेचा डॉक्टर बोलावला, बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. आबांना मेंढरांमागं जाणं भाग होतं. ते जे गेले ते ताप उतरून सासूबाई चालायला लागल्यावरच परत आले. मधल्या काळात सासूबाई तिथंच.

पण त्या जेवेनात. दूध घ्यायच्या, पेज घ्यायच्या, मटणाला हात लावीनात. किरिस्तावाच्या घरचं मटण, कशाचं असेल कुणास ठाऊक. फ्लोराबाईला ते न बोलता समजलं. ती बाजारात गेली आणि जालिंदर खाटकाला दुकान बंद करायला लावून घरी घेऊन आली. त्या माणसानं कॉटसमोर उभं राहून गळ्याला चिमटा धरला आणि सांगितलं, "आईशप्पत वैनी, बोकडाचंच हाय. म्या सोता कापलंय." मग सासूबाईंनी खाल्लं. दुधात भिजवलेला पाव, अंडं, मिरपूड आणि बारीक कांदा घातलेला तो खिमा, रॉकेलच्या डब्याच्या घरगुती ओव्हनमध्ये भाजलेला. इतक्या दिवसांनी तोंडाला चव आली होती. त्यांनी विचारलं, "ह्याला काय म्हंत्यात?" ती म्हणाली, मीट लोफ.

तापातल्या कानांना ऐकू आलं मीठलोभ. आणि गंमत अशी की त्यांना त्याचा अर्थही लगेच लागला. कुणाचं मीठ खाल्लं की त्याच्याशी लोभ जडतो, म्हणून मीठलोभ. किरिस्तावाच्या घरी सुद्धा आपल्यासारखंच मानतात म्हणायचं. त्या फ्लोराबाईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, मी तुमचं मीठ खाल्लं, मरेपर्यंत जागेन. तिला त्या फुलाबाई म्हणायला लागल्या, कारण फ्लोरा त्यांच्या जिभेवर बसेना.

पुढं मेंढरं विकली, कालव्याचं पाणी आलं, कासुर्डीत घर झालं. सासूबाईंनी ओव्हनशिवाय मीठलोभ जमवला. पाव मिळत नव्हता म्हणून शिळी बाजरीची भाकरी कुस्करून घातली, पातेलं चुलीवर ठेवून झाकणावर निखारे टाकले. भाकरीमुळे तो जरा भरभरीत व्हायचा, पण वरून खरपूस. आबांना तो केल्या दिवशी आवडतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गार काप तव्यावर तेलात परतून, वर कच्चा कांदा, असा त्यांना पाहिजे. हनुमंत कुरकुंभच्या कंपनीत डब्यात न्यायचा. त्याच्याबरोबरचे बिहारी पोरगे म्हणायचे, "ये तो कबाब का बड़ा भाई है." मी एकदा उरलेला लोफ आमच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडला होता. सगळ्यांनी बोटं चाटली, सासूबाईंनी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. फुलाबाईच्या वस्तूचा मी रस्सा केला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दोन हजार तीन साली, हिवाळ्यात, आम्ही दोघी दौंडच्या बाजाराला गेलो होतो. यवतहून शटलनं जायचं, बाजार करायचा आणि फुलाबाईला भेटून परत यायचं, हा सासूबाईंचा ठरलेला रिवाज. रॉड्रिक्सबाबा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून मग वारले होते, त्यानंतर फुलाबाई कॉलनीबाहेर एका खोलीत भाड्यानं राहायची. त्या दिवशी खोलीत दोन ट्रंका दोरीनं बांधून ठेवलेल्या होत्या.

"मी जातो, गीता," ती म्हणाली. तिचं मराठी गार्डसाहेबाकडून शिकलेलं, त्यामुळे आयुष्यभर ती पुरुषासारखंच बोलली. "जबलपूरला. बहिणीची मुलगी येतो न्यायला. आता एकटा नाही होत."

सासूबाई पिशवीतला भोपळा हातात धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या घरी तुम्ही एकदाबी आला न्हाई."

ते खरं होतं. आधी आमचं घरच नव्हतं, घर झालं तर हिचा नवरा आजारी, नवरा गेला तर हिचे पाय सुजायला लागले. तिलाही ते लागलं असावं. ती म्हणाली, "येतो. रविवारी येतो. जेवतो पण. फक्त ऐक, मीठ नको. डॉक्टरनी एकदम बंद केला. मागच्या महिन्यात पाणी भरला अंगात, हॉस्पिटलमध्ये होतो. जरा पण मीठ नाही. पाव पण नाही, त्यात पण असतो."

परतीच्या शटलमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना काही झालं की त्या गप्प होतात आणि मला काही झालं की माझं तोंड सुटतं, त्यामुळे आमचं एरवी बरं जमतं. मला वाटलं फुलाबाई चालली म्हणून वाईट वाटतंय. घरी येऊन पाय धुतल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग माझं मीठ त्या कवा खानार?"

तेव्हा मला त्यांचं दुखणं कळलं. या बाईनं तीस वर्षं फुलाबाईकडे दूध नेलं, तूप नेलं, हुरडा नेला, शेंगा नेल्या, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं नेलं. पण त्यांच्या हिशेबी ते काही खरं नव्हतं. दुधात मीठ नसतं, हुरड्यात नसतं. आपल्या चुलीवर आपल्या हातानं रांधलेलं, आपलं मीठ घातलेलं अन्न त्या बाईच्या पोटात एकदा तरी जायला पाहिजे होतं. त्याशिवाय लोभ एकाच बाजूचा राहतो. आता ती कायमची चालली होती, पहिल्यांदा आणि शेवटचं दारात जेवायला येणार होती, आणि मिठाला बंदी.

हनुमंत म्हणाला, "आई, वाईच टाक की. बोटभर. कळनार बी न्हाई त्यांना."

"इख घालू का म्या तिला?" सासूबाई अशा काही बोलल्या की तो उठून गोठ्याकडेच गेला.

पुढचे तीन-चार दिवस घरात दुसरा विषय नाही. मीठलोभ करायचा तर मिठाशिवाय तो मीठलोभ कसा. मीठ घालायचं तर पाहुणीच्या जिवाला धोका. नाही घालायचं तर मग ती आपल्याकडे जेवली असं तरी कसं म्हणायचं. हेच फिरून फिरून. शेवटी शुक्रवारी दुपारी मी भाकरी थापत असताना त्यांनी तेच पुन्हा काढलं आणि माझी सटकली.

"आत्या," मी म्हणाले, "त्याचा मिठाशी काही संबंधच नाही. इंग्रजीत मीट म्हणजे मटण. लोफ म्हणजे पाव. मटणाचा पाव, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मीठ बी न्हाई आन् लोभ बी न्हाई."

हे मला पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं आणि सहा वर्षं मी गप्प बसले होते. माझा स्वभाव बघता तो विक्रमच म्हणायचा. तव्यावरची भाकरी करपायला लागली, मी ती उलथली.

सासूबाई म्हणाल्या, "मंजी त्यांनी मला निस्तं मटन खाऊ घातलं."

"निस्तं कुठं, चांगलं खाऊ घातलं. जीव वाचवला. पण नाव ते नाही."

"आन् म्या तीस वर्सं त्यांच्या तोंडावर मीठलोभ म्हंत आले. त्या हसल्या असतील माज्या माघारी."

त्या उठून शेळ्यांच्या दावणीकडे गेल्या आणि अंधार पडेपर्यंत तिथंच काहीतरी करत राहिल्या. आबा तंबाखू मळत बसले होते, मला म्हणाले, "तुजं बराबर हाय पोरी. पर ती आता इचारल्याबिगर ऱ्हायाची न्हाई."

झालंही तसंच. रात्री जेवताना सासूबाईंनी जाहीर केलं, "आयतवारी म्या फुलाबाईलाच इचारनार हाय. काय त्ये एकदा कळू द्या."

आता खरं सांगायचं तर मला धास्ती बसली. फुलाबाई इंग्रजीतच लहानाची मोठी झालेली. ती काय सांगणार. ती हसून म्हणणार, अगं मीट, मीट. तिच्या दृष्टीनं ती साधी गोष्ट. पण माझ्या सासूनं ज्या शब्दावर स्वतःचं अर्धं आयुष्य टेकवून ठेवलं होतं, तो शब्द निरोपाच्या जेवणात तिच्या मैत्रिणीच्या तोंडून खोटा ठरणार. मी बोलले ते खरं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या तोंडून ऐकणं वेगळं आणि फुलाबाईच्या तोंडून ऐकणं वेगळं. सून काय, काहीही बोलते.

शनिवारी सकाळी मला एक सुचलं. माझ्या मुलीच्या, सोनमच्या वाढदिवसाला मी केक करते तो कुकरमध्ये. ओव्हन आमच्याकडे नाही. कुकरची शिट्टी काढायची, झाकणाची रिंग काढायची, तळाला जाडं मीठ पसरायचं, ते चांगलं तापलं की त्यावर केकचा डबा ठेवायचा. मीठ तापून भट्टीसारखं काम करतं आणि केकला मिठाचा कणही लागत नाही. शिरूरला होस्टेलवर शिकले होते. मी सासूबाईंसमोर कुकर नेऊन ठेवला.

"आत्या, मीठ आत नको. खाली घालू. सगळा लोफ तुमच्या मिठाच्या धगीवर शिजेल, फुलाबाईंच्या पोटात मात्र एक खडा जाणार नाही."

त्यांनी कुकरमध्ये वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मिठाचा डबा स्वतः उठून आणला आणि सगळाच्या सगळा त्यात ओतला.

रविवारी आबा पहाटेच यवतला जाऊन मांडीचं मटण घेऊन आले. मशीनवरचा खिमा त्यांना चालत नाही, तो चिखल होतो म्हणतात. त्यांनी पाट घेऊन स्वतः सत्तूरनं खिमा केला, इतका बारीक आणि तरी मोकळा की मला हात लावायची सोय ठेवली नाही. पावात मीठ असतं म्हणून पाव बाद. भाकरीत आम्ही मीठ घालत नाही, म्हणून बाजरीची शिळी भाकरी आपोआप हक्कानं आली. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, भरपूर मिरपूड. चवीला आंबटपणा पाहिजे म्हणून मी लिंबू पिळलं. सासूबाईंनी गोळा मळला, मध्ये अंडी ओळीनं ठेवली आणि वरून पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत केला. केकच्या डब्यात तो असा बसला की जणू त्याच्या मापाचाच डबा.

हनुमंत मित्राची जीप घेऊन फुलाबाईला आणायला गेला. ती उतरली तेव्हा अंगावर निळ्या फुलांचा फ्रॉक, हातात काठी आणि काखेत सोनमसाठी बिस्किटांचा पुडा. अंगणातनं घरात यायला तिला वेळ लागला. येता येता ती सगळं बघत होती, शेळ्या, विहीर, चुलीचा धूर. "छान आहे गीता, छान आहे," असं दर चार पावलांना म्हणत होती. सासूबाई तिच्या पुढं उलट्या चालत होत्या, ती पडेल की काय म्हणून.

ताटं वाढली. आमच्याकडे ताटात पहिलं मीठ पडतं, मग बाकीचं. मी सवयीनं मिठाकडे हात नेला तर सासूबाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, "कुनाच्याच ताटात नगं. आज समद्यांनी बिगरमिठाचं खायाचं." आबांनी कपाळाला हात लावला. तेलातला ठेचा सुद्धा त्यांनी फडताळात ठेवून दिला.

मग कुकर आणून फुलाबाईच्या समोर उघडला. लोफ बाहेर काढला, वरून तांबूस, कडा सुटलेल्या. सासूबाईंनी तिला आतलं मीठ दाखवलं, तापून पिवळट झालेलं. "ह्यावर भाजलाय. आत कनबी न्हाई. डाक्टरला सांगा पायजे तर."

फुलाबाईनं काप घेतला. सुरीकाटा मागितला नाही, हातानंच तोडला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. हा प्रसंगही मोठा वाईट असतो, आपण रांधलेलं कुणी पहिल्यांदा तोंडात घालतं तो. ती चावत राहिली, मान हलवत राहिली. "व्हेरी गुड," म्हणाली. अर्धा काप संपला.

सासूबाई जेवायला बसल्या नव्हत्या. तिच्या समोर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "फुलाबाई, खरं सांगा. ह्ये मीट हाय का मीठ?"

मी हातातलं पळी-पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. फुलाबाईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या लगेच ध्यानात आलं असावं की हे कुठून आलंय. इतक्या वर्षांत ती बाई माझ्यावर कधी रागावली नव्हती, तेव्हाही रागावली नाही. तिनं घास गिळला, पाणी प्यायली.

"त्या टाईमाला," ती म्हणाली, "कॉलनीत आमच्या घरचं कोणी खात नव्हतं. पाणी पण नाही. ख्रिसमसला मी केक वाटायचो, सगळे हसून घ्यायचे. आणि सकाळी तो केक नाल्याजवळ कुत्रे खायचे. मी बघायचो. रॉड्रिक्सला सांगायचो नाही, त्याला राग यायचा. आणि तू आला. तू पण नाही खाल्ला पहिले. मग जालिंदरनी शपथ घेतली, तेव्हा खाल्ला. खाल्ला आणि माझ्या पायाला हात लावला, बोलला, तुमचं मीठ खाल्लं. मला मराठी कमी येत होती, पण एवढी येत होती. मी किचनमध्ये जाऊन रडलो."

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"रॉड्रिक्स बोलला, करेक्ट कर तिला, ती नाव चुकीचं बोलते. मी बोललो, खबरदार. मग मला लोभ म्हणजे काय ते नाही माहीत. तो दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला तेव्हा स्टेशनमास्तरला विचारून आला. त्या दिवसापासून आमच्या घरात पण आम्ही मीठलोभच बोललो. तो अंथरुणात होता, शेवटी शेवटी, तेव्हा पण तेच मागायचा. फ्लोरा, मीठलोभ कर."

"मंजी मीटच व्हय?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांना आडवळणानं दिलेलं उत्तर चालत नाही.

"मीटच होता, गीता," फुलाबाई म्हणाली. "मीठ तू केला. थँक्यू बोलायचा होता तुला. तीस वर्षं झाली, कसा बोलायचा ते कळलं नाही."

आमच्या घरात थँक्यू कुणी कुणाला म्हणत नाही. सासूबाईंना त्यावर काय करतात ते माहीत नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग तसाच ठेवला. आबांनी घसा खाकरला आणि ताटातल्या भाकरीकडे बघत म्हणाले, "आभार तं आमी मानायचं, बाई. माजी बायकू आन् पोरगं तुमच्यामुळं हाय. म्या एकदाबी बोललो न्हाई तुमास्नी." हनुमंत खाली मान घालून बसला होता. एवढा बाप्या माणूस, पण तोंड लहान पोरासारखं झालं होतं. मीही रडले. मला रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी मला माझ्या सासूचा फार अभिमान वाटला, आणि त्या म्हाताऱ्या बाईबद्दल इतकं काही वाटलं की मी जाऊन तिच्या पायांना हात लावला. सुजलेले होते, गार होते.

"तू खा," फुलाबाई सासूबाईंना म्हणाली. "मी एकटा खातो, बरोबर नाही वाटत." तिनं स्वतःच्या ताटातला उरलेला अर्धा काप मोडून एक तुकडा पुढं केला.

सासूबाईंनी तो घेतला. त्यांनी तोवर चाखलासुद्धा नव्हता. सावकाश चावला, जरा थांबल्या, पुन्हा चावला. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "लई अळनी झालाय ओ."

"एकदम अळणी," फुलाबाई म्हणाली. "मी कधीपासून बोलत नव्हतो."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता फुलाबाईला खोकला आला, सासूबाई तिची पाठ चोळायला लागल्या, तरी हसणं थांबेना. मी सासूबाईंचंही ताट मांडून आणखी एकेक काप वाढला आणि दोघींनी तो सगळा खाल्ला.